बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक

इंग्रजी पुस्तक वाचताना एखादा नवा शब्द आला, की आपण शब्दकोश उघडतो. उर्दूत त्याला लुगत म्हणतात. अर्थ सापडला, की आपण पुढे वाचू लागतो. पण तो अर्थ कोणी शोधला, त्यासाठी किती वर्षे खर्ची घातली, हे आपल्या मनातही येत नाही. इंग्रजी शब्दांचे अर्थ उर्दूत सांगणारा एक मोठा कोश आपल्या मराठवाड्यातच तयार झाला. मौलवी अब्दुल हक हे त्या कोशाचे संपादक. लोक त्यांना आदराने बाबा-ए-उर्दू म्हणत.

अब्दुल हक यांचा जन्म 1870 च्या सुमारास उत्तर प्रदेशातील हापूडच्या परिसरात झाला. त्यांचे उच्च शिक्षण अलिगढ येथे झाले. सर सय्यद अहमद खान यांनी तेथे मोठे कॉलेज स्थापन केले होते. नवे ज्ञान शिकले पाहिजे आणि ते आपल्या लोकांपर्यंत पोचवले पाहिजे, हा विचार अब्दुल हक यांच्या मनात तेथेच रुजला. पदवी घेतल्यावर ते दक्षिणेत हैदराबाद संस्थानात आले. तेथे त्यांनी शिक्षकाचे काम केले. पुढे शिक्षणखात्याचे अधिकारी म्हणून ते औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) आले. आपला बीड जिल्हाही तेव्हा निजामाच्या राज्यातील औरंगाबाद सुभ्यात होता.

1912 साली त्यांच्यावर एका संस्थेची जबाबदारी आली. अंजुमन तरक्की-ए-उर्दू हे तिचे नाव. संस्था 1903 साली स्थापन झाली होती, पण तिची स्थिती फार हलाखीची होती. नव्या चिटणीसांच्या हाती एक जुनी पेटी आणि थोडे कागद एवढेच आले, असे सांगतात. अब्दुल हक खचले नाहीत. त्यांनी अंजुमनची कचेरी औरंगाबादला आणली, पुस्तके छापण्यास सुरुवात केली आणि 1921 साली उर्दू नावाचे त्रैमासिकही काढले. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात अंजुमनचे काम, असा त्यांचा क्रम होता. पुढे ते औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य झाले, तरी हा क्रम मोडला नाही.

याच काळात हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाची तयारी चालू होती. तेथे गणित, विज्ञान, इतिहास असे सर्व विषय उर्दूतून शिकवायचे होते. परंतु त्यासाठी उर्दूत पुस्तके कोठे होती? म्हणून 1917 साली एक भाषांतर विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख अब्दुल हक होते. तेथे पानोपानी एकच अडचण येई. इंग्रजी शब्द समोर असे, पण त्याला नेमका उर्दू शब्द मिळत नसे. तेव्हा चांगल्या कोशाची गरज त्यांना तीव्रतेने जाणवली. त्यापूर्वीचे बरेच कोश इंग्रज लोकांनी तयार केलेले होते. आपल्या मुलांना इंग्रजी शिकण्यासाठी आपल्या माणसांनी केलेला कोश हवा होता.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. बँक हाच शब्द घ्या. पैसे ठेवण्याची बँक सर्वांना ठाऊक असते. पण इंग्रजीत नदीच्या काठालाही बँकच म्हणतात. बीडजवळच्या पाली गावातील मुलाने इंग्रजी धड्यात नदीची बँक असे वाचले, तर तो गोंधळून जाईल. त्याला बिंदुसरा नदीचा काठ, म्हणजेच किनारा, आठवला पाहिजे. लाइट या शब्दाचा अर्थ एका ठिकाणी प्रकाश, तर दुसऱ्या ठिकाणी हलका असा होतो. अशा हजारो शब्दांचा प्रत्येक अर्थ वेगळा करायचा, त्याला योग्य उर्दू शब्द शोधायचा, वाक्प्रचारांचे अर्थ द्यायचे आणि मग सारे पुन्हा तपासायचे! अनेक विद्वानांना सोबत घेऊन अब्दुल हक यांनी हे काम चिकाटीने पूर्ण केले. 1937 साली हा इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध झाला. त्याची दीड हजारांहून अधिक पाने होती. पुढे विद्यार्थ्यांसाठी त्याची लहान आवृत्तीही निघाली.

अब्दुल हक यांचे प्रेम फक्त उर्दूवर नव्हते. मराठवाड्यात राहून त्यांनी मराठीकडेही लक्ष दिले. फारसी भाषेचा मराठीवर कसा परिणाम झाला, यावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. दरवाजा, बाजार, जमीन, वकील हे शब्द आपण घरी उर्दूत बोलतो आणि मराठीच्या तासालाही तेच शब्द ऐकतो. हे भाषांचे नाते त्यांनी ओळखले होते. औरंगाबादच्या मकबऱ्याच्या बागेत नामदेव नावाचा एक गरीब माळी काम करत असे. तो रोपांना मुलांसारखे जपत असे. मौलवीसाहेबांनी त्याचे शब्दचित्र लिहिले आणि थोर माणसांच्या चरित्रांबरोबर आपल्या पुस्तकात त्याला स्थान दिले. मन लावून केलेले काम त्यांना मोठे वाटे. मग ते कोणाचेही असो.

पुढे अंजुमनची कचेरी दिल्लीला गेली. उर्दूचा एक फार मोठा कोश करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते. पण 1947 साली फाळणीच्या वेळी दिल्लीत दंगली उसळल्या. अंजुमनची कचेरी लुटली गेली. कितीतरी वर्षांच्या मेहनतीने जमवलेले साहित्य नष्ट झाले. त्यानंतर अब्दुल हक पाकिस्तानात कराचीला गेले. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. त्यांनी मात्र पुन्हा कामाला सुरुवात केली. 1958 साली कराचीत मोठ्या उर्दू कोशासाठी मंडळ स्थापन झाले, तेव्हा मौलवीसाहेब त्याचे पहिले मुख्य संपादक झाले.

16 ऑगस्ट 1961 रोजी कराची येथे त्यांचे निधन झाले. तो मोठा कोश त्यांना पाहता आला नाही. इतरांनी ते काम पुढे चालवले आणि 2010 साली त्याचा बाविसावा व शेवटचा खंड पूर्ण झाला.

हजारो शब्दांचा कोश एका दिवसात होत नाही. तो एकेका शब्दाने वाढतो. आपला शब्दसंग्रहही तसाच वाढतो. रोज इंग्रजीचे दोन-चार नवे शब्द वहीत लिहावेत, त्यांचा अर्थ उर्दूत आणि मराठीत शोधावा, एका शब्दाचे किती अर्थ होतात ते पाहावे आणि तो शब्द वाक्यात वापरावा. वर्षाच्या शेवटी त्या वहीतच आपला एक छोटा कोश तयार झालेला असेल.