खडक वाचणारा शेतकरी : जेम्स हटन

जेम्स हटनचा जन्म ३ जून १७२६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील व्यापारी, ते त्याच्या बालपणीच वारले. हटनने काही दिवस वकिलाकडे उमेदवारी केली, पण तेथे मन रमेना. मग वैद्यकाचा अभ्यास करून १७४९ मध्ये हॉलंडातील लायडन येथे पदवी मिळविली, आणि डॉक्टरकी न करता तो वडिलार्जित शेतावर जाऊन राहिला! आमच्या घरातून शेत ओलांडून कॉलेजात पाऊल पडायला कित्येक पिढ्या गेल्या. हे गृहस्थ मात्र उलट्या वाटेने गेले.

ती वाट वाया गेली नाही. पावसाने शेतातली माती ओढ्याला जाते, हे प्रत्येक शेतकरी पाहतो. (माझे वडीलही दर आषाढात बांधावर उभे राहून हळहळतात.) हटनने पुढचा प्रश्न विचारला : माती अशी सतत वाहून जात असेल, तर जमीन अजून शिल्लक कशी? समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा खडक होतो व पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तो वर उचलला जातो, असे त्याचे उत्तर होते. १७८५ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे हा विचार मांडला गेला. पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे मानणाऱ्यांना तो पटणे कठीणच होते.

१७८८ मध्ये जॉन प्लेफेअर व सर जेम्स हॉल यांच्यासह हटन नावेतून किनारा न्याहाळीत सिकार पॉइंटला पोहोचला. खाली करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे. त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे किंचित कललेले थर. मध्ये काहीच नाही. ते 'काहीच नाही' हाच पुरावा! खालचा गाळ साचला, त्याचा खडक झाला, तो दुमडून उभा राहिला, पाण्याबाहेर आला, झिजला. मगच त्यावर तांबडी वाळू साचू लागली. तांबड्या थराच्या तळाशी खालच्या खडकाचे तुकडेही अडकलेले होते. हा मधला काळ किती, ते हटनला सांगता आले नाही. पुढच्या मोजणीत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा निघाला.

हटनची भाषा मात्र फार क्लिष्ट. १७९५ चा त्याचा द्विखंडी ग्रंथ फारसा वाचला गेला नाही. २६ मार्च १७९७ रोजी तो वारला. १८०२ मध्ये प्लेफेअरने मित्राचे विचार सोप्या भाषेत मांडले, तेव्हा कुठे ते लोकांपर्यंत पोहोचले. ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाचे हस्तलिखित छापले जायला तर १८९९ साल उजाडले.