खांबाशी झुंजणारा आपला गाववाला

मोबाइलवर ताई चीचे व्हिडिओ बघून स्वसंरक्षण शिकताय? छानच. पण पिंपळगाव बसवंतला राहून बाळंभटदादा देवधर माहीत नसतील, तर जरा थांबा. दादा आपल्याच निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. जन्म १७८० चा.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे पहिलवान पुण्यात आले, त्यांनी आव्हान दिलं आणि कुणी पुढेच येईना, असं सांगतात. दादांनी विडा उचलला, पण तयारीला मुदत मागून घेतली. मग थेट गाठला वणीचा सप्तशृंगगड. तिथे मारुतीने लाकडी खांबावर पेच दाखवले, अशी आख्यायिका. परतल्यावर दादांनी अलीला चीत केलं.

मल्लखांब त्याआधीही होता. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये त्याचा उल्लेख आहे. दादांनी त्याला पुन्हा उभं केलं. यातली गंमत बघा. ताई चीत सावकाश हालचाल घोटवतात, तसा इथे खांबालाच प्रतिस्पर्धी मानून पेच घोटवायचा. अढी मारली की सगळा भार मांड्यांच्या पकडीवर. पकड सुटली की तुम्ही खाली! तीच पकड मग कुस्तीत कामी येते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, दादाही गेले आणि मल्लखांब उत्तरेत पोचला. १८५२ मध्ये दादा वारले.

चैत्रात गडावर पायी जाल, तेव्हा त्यांची आठवण काढा. आव्हान घेतल्यावर आधी सरावाला गेलेला माणूस होता तो.