बिस्मार्क, झोप आणि विमा

जर्मनीचे पहिले चॅन्सेलर ओटो फॉन बिस्मार्क यांचा जन्म १ एप्रिल १८१५ चा. १८७१ मध्ये त्यांनी विखुरलेली जर्मन राज्ये एका छत्राखाली आणली. जिभेवर मात्र त्यांना ताबा ठेवता आला नाही. भरमसाट खाणे-पिणे, वाढते वजन आणि निद्रानाश यांनी ते बेजार झाले. अखेर १८८३ मध्ये डॉ. अर्न्स्ट श्वेनिंगर यांनी त्यांच्या आहारावर कडक बंधने घातली. वजन उतरले, झोपही लागू लागली.

त्याच वर्षी १५ जूनला जर्मनीत कामगारांच्या सक्तीच्या आजारपण विम्याचा कायदा झाला. समाजवाद्यांकडे झुकलेला कामगार सरकारकडे वळवावा, हा बिस्मार्क यांचा राजकीय हेतू होता. हप्त्याचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. त्या बदल्यात डॉक्टर व औषध मोफत आणि काम बुडाल्यास १३ आठवड्यांपर्यंत निम्मी मजुरी. चष्मा आणि हर्नियाचा पट्टाही विम्यातूनच मिळे. घरी वापरायचे साधन हादेखील उपचारच, हे तेव्हाच मान्य झाले होते.

बिस्मार्क ३० जुलै १८९८ रोजी वारले. झोपेत श्वास अडणाऱ्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांसाठी हवेच्या दाबाने श्वसनमार्ग उघडा ठेवणारा सीपॅप उपचार १९८१ मध्ये आला. जर्मनीतला सार्वजनिक विमा आज तपासणीनंतर गरजू रुग्णाला हे यंत्र देतो. आपल्याकडे अनेक पॉलिसी रुग्णालयाचे बिल भरतात, पण सीपॅप वगळतात. म्हणून पॉलिसी घेतानाच वगळलेल्या वस्तूंची यादी वाचावी.