शिलास्तंभ ते नाताळचे भेटकार्ड : चित्रकार ज्याँ शार्लो

नाताळनिमित्त बाजारातील छापील भेटकार्डे न घेता स्वतः रेखाटलेली कार्डे स्नेह्यांना धाडणाऱ्या कलावंतांत ज्याँ शार्लो यांची गणना होते. मेक्सिकोच्या भित्तिचित्र चळवळीचे ते एक आद्य प्रवर्तक. परंतु त्यांच्या रेषेतील साधेपणा समजून घ्यायचा, तर युकातानच्या अरण्यातील उत्खननाकडे वळावे लागते.

शार्लो यांचा जन्म १८९८ मध्ये पॅरिस येथे झाला. आईकडून त्यांचे नाते मेक्सिकोशी होते. त्या घराण्यातील एजेन गुपिल यांनी प्राचीन मेक्सिकन हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला होता. पहिल्या महायुद्धात फ्रेंच तोफखान्यात सेवा बजावून १९२१ मध्ये ते आईसह मेक्सिकोत आले आणि तेथे ओल्या गिलाव्यावरील भित्तिचित्रामुळे नावारूपास आले.

१९२६ मध्ये कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या चिचेन इत्झा येथील मोहिमेत ते चित्रकार म्हणून दाखल झाले. तेथील योद्ध्यांच्या मंदिरातील स्तंभांवर कोरलेल्या आकृतींच्या हुबेहूब प्रतिकृती काढणे, हे त्यांचे काम. याच मंदिराच्या पोटात आणखी एक जुने मंदिर गाडलेले आढळले. त्याच्या स्तंभांवर रंगही टिकून होते. उघड्यावर आलेला प्राचीन रंग फार काळ तग धरत नाही, त्यामुळे कागदावरील नोंद हाच पुढील अभ्यासकांचा आधार ठरणार होता. झिजलेली रेषा कल्पनेने पुरी करण्याचा मोह आवरणे ही प्रतिभावान चित्रकारासाठी खडतर साधनाच म्हणावी लागेल. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मंदिराच्या संशोधन-ग्रंथावर अर्ल मॉरिस आणि अ‍ॅन मॉरिस यांच्यासह शार्लो यांचेही नाव लेखक म्हणून आहे. पुरातत्त्वाच्या क्षेत्रात ते असे पेन्सिलीच्या वाटेने आले.

पाषाणात कोरलेल्या चेहऱ्यांची ठेवण त्यांना आसपासच्या माया स्त्री-पुरुषांतही दिसू लागली. पाठीशी मूल बांधलेली माता, जात्यापाशी वाकलेली स्त्री हे त्यांच्या शिळाछापांचे नित्याचे विषय झाले. श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या शार्लो यांना बाळ येशूचे कुटुंबही अशाच कष्टकऱ्यांच्या घरातले वाटे. चित्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकू नये, यासाठी त्यांनी स्वस्त मुद्राचित्रांचा आग्रह धरला. टपालाने घरोघरी पोहोचणारे भेटकार्ड या आग्रहाशी सुसंगतच होते.

१९४९ मध्ये ते हवाईला गेले, तेथील विद्यापीठात शिकवू लागले आणि गिरिजाघरांच्या भिंती रंगवू लागले. १९७९ मध्ये होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कागदपत्रांचा व चित्रांचा संग्रह आज हवाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.