पंडिता रमाबाईंचे मंद कान

पंडिता रमाबाई हे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचा केडगाव येथील मुक्ति आश्रम व त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर ह्यांविषयी मंडळ्यांतून पुष्कळ वेळा सांगण्यात येते. परंतु ह्या बाईंस कानांनी कमी ऐकू येत असे, व त्यामुळे त्यांच्या आयुष्याची वाटच बदलली, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असेल. आमच्या खेड्यांत ज्यांचे कान गेले आहेत अशा बंधुभगिनींकरिता व त्यांच्या घरच्या माणसांकरिता ती आज सांगावी असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण असून त्यांनी लोकमतास न जुमानता आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस संस्कृत शिकविले होते. मातोश्रींनी तीच विद्या मुलीस तोंडी दिली. आईने म्हणावे व मुलीने ऐकून मुखोद्गत करावे, असा तो क्रम होता. पुढे दुष्काळात आईबाप व थोरली बहीण मरण पावली, आणि रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोघे पुराण सांगत पायी देशभर फिरली. सन १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ज्यांची सर्व विद्या अशी कानांच्या वाटे आली, त्यांचेच कान पुढे मंद होत जावे, हे दुःख काही लहान नव्हे.

सन १८८० मध्ये बाईंचे लग्न बंगालातील बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी झाले. परंतु दोन वर्षे होतात न होतात तोच पटकीने पतीचा अंत झाला, व पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली. सन १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देताना, ह्या देशातील स्त्रियांकरिता स्त्री डॉक्टर असले पाहिजेत असे त्यांनी आग्रहाने सांगितले. आपणच वैद्यकी शिकावी ह्या हेतूने त्या सन १८८३ मध्ये इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज ह्या गावी त्याच वर्षी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

परंतु वैद्यकीचे दार त्यांस उघडले नाही, व त्याचे कारण त्यांचे कान हेच होते. डॉक्टरास व्याख्याने ऐकावी लागतात, रोग्याचे गाऱ्हाणे ऐकावे लागते, नळी लावून छातीचा ठोका ऐकावा लागतो. वाढत्या बहिरेपणामुळे हे त्यांच्याने होणार नाही असे ठरले. ज्या कामाकरिता त्यांनी समुद्र ओलांडला तेच काम हातचे गेले. वय अवघे पंचवीस, पती वारलेला, मूल लहान आणि देश परका.

अशा वेळी बाईंनी काय केले, हे वाचकांनी नीट पाहावे. जे काम कानांवाचून अडत नाही ते त्यांनी धरले. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकविले व स्वतः गणित व सृष्टिशास्त्र ह्यांचा अभ्यास केला. सन १८८६ च्या मार्च महिन्यात त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी मिळाली. जी पदवी आपणांस मिळू शकली नाही ती दुसरीस मिळताना पाहावी म्हणून रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. त्या पद्धतीत मूल डोळ्यांनी पाहून व हातांनी करून शिकते. सन १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, आणि गावोगाव व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी साह्य मिळविले. दुसऱ्याचे बोलणे नीट ऐकू येत नसता हजारोंपुढे उभे राहून बोलावे, ह्यास किती धैर्य लागत असेल बरे!

ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सन १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. आमचे नागपूर हे तेव्हा त्या प्रांताचे मुख्य ठाणे होते. बाई स्वतः मध्यप्रांतात येऊन शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन गेल्या, व त्यांच्याकरिता केडगाव येथे मुक्ति आश्रम वाढला. सन १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांवर माणसे होती.

त्या घरात केवळ धडधाकट मुलींसच जागा होती असे नाही. आंधळ्या मुलींकरिता तेथे निराळे सदन होते, व यरीहोच्या रस्त्यावरील बार्तीमयाचे नाव त्यास दिले होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन त्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. वृद्ध व दुबळ्या स्त्रियांसाठी प्रीति सदन होते. ज्या बाईंचे कान मंद होते त्यांच्या दारी ज्यांचे डोळे गेले त्यांस आसरा मिळाला. उतारवयात बाईंनी हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकून, साध्या बायकांस समजेल अशा मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर केले. हे काम डोळ्यांचे व लेखणीचे होते. मनोरमाबाई सन १९२१ मध्ये वारल्या. भाषांतर पुरे करून ता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूच्या घरी गेल्या.

आता आपल्या घरांकडे पाहू. ज्यांस ऐकू येत नाही अशांपैकी कित्येकांच्या कानांत बाहेर आवाज नसताही रात्रंदिवस शिटी वाजते किंवा रातकिडे ओरडतात. ह्यास कर्णनाद म्हणतात. वय, मोठा आवाज, साठलेला मळ, फुटलेला कान, काही औषधे अशी त्याची कारणे आहेत. हे भूत नव्हे, करणी नव्हे, व पापाची शिक्षाही नव्हे. धर्मसुधारक मार्टिन लूथर ह्यांस सन १५२७ मध्ये कानांतील नाद व भोवळ ह्यांचा त्रास सुरू झाला. त्याच वर्षी विटेनबर्गात प्लेग आला, तरी ते शहर सोडून गेले नाहीत, व रोग्यांस त्यांनी आपल्या घरात ठेवून घेतले.

कानांत तेल किंवा काडी घालू नये. मळ असेल तर तो डॉक्टरकडून काढवावा, आणि ऐकण्याचे यंत्र लावण्यास लाजू नये. नाद अगदी नाहीसा करील असे हमखास औषध नाही. तथापि यंत्राने, रात्री जवळ एखादा मंद आवाज ठेवल्याने व मनाची भीती गेल्याने पुष्कळांस तो सोसवतो. एकाएकी ऐकू येईनासे झाले, नाद एकाच कानात असला, किंवा त्याबरोबर भोवळ आली, तर दिवस न दवडता डॉक्टरकडे जावे. नागपूरच्या आसपासच्या वाचकांस मिहान येथील एम्स ह्या सरकारी रुग्णालयात कानांची तपासणी करून घेता येते.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे, की बहिऱ्या माणसास मागे बसू देऊ नये. त्यास पुढे बसवावे, त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलावे, गीताचा अंक व शास्त्राचा अध्याय त्यास दाखवावा, आणि त्याने विपरीत ऐकले म्हणून कोणास हसू देऊ नये. कर्णनाद असलेल्या दोघांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी. आपले दुखणे दुसऱ्यासही ठाऊक आहे हे कळल्याने अर्धा भार हलका होतो. आणि ज्यांचे कान मंद झाले आहेत त्यांनी आपले काम संपले असे मानू नये. कानांवाचून होण्यासारखे काम प्रत्येक मंडळीत आहे. ते शोधून त्यांच्या हाती द्यावे.