नाइटिंगेलबाईंची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या बाईंचें नांव ज्यास ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत विरळाच असेल. पाठ्यपुस्तकांतून त्यांचें एकच चित्र आपण पाहत आलों आहों: रात्रीची वेळ, घायाळ शिपायांच्या खाटांची लांबच लांब रांग, आणि त्या रांगेमधून हातांत दिवा घेऊन चाललेली एक कृश स्त्री. हें चित्र खोटें नाहीं. परंतु आमच्या मतें तें अपुरें आहे. बाईंच्या एका हातांत दिवा होता तशी दुसऱ्या हातांत हिशेबाची वही होती, आणि दिव्यापेक्षां त्या वहीनें पुष्कळच अधिक प्राण वांचविले. म्हणून ह्या लेखांत आम्ही मुख्यतः त्या वहीचीच हकीकत सांगणार आहों.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला व त्या शहराचेंच नांव मुलीस ठेवण्यांत आलें. घराणें इंग्लंडांतील, धनसंपन्न. वडिलांनीं आपल्या दोन्ही मुलींस ग्रीक, लॅटिन व इतिहास स्वतः शिकविला. परंतु धाकट्या फ्लॉरेन्सची ओढ गणिताकडे होती. मोठ्या घरच्या मुलीनें गणित शिकून काय करावयाचें, असा आईचा प्रश्न असे, आणि बरेच दिवस हट्ट धरल्यावर तिला गणिताचा शिक्षक मिळाला. ती १६ वर्षांची असतां, ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, ईश्वरानें आपणांस त्याच्या सेवेसाठीं पाचारण केलें असा तिला अनुभव आला. सेवा कोणती, हें मात्र त्या दिवशीं कळलें नाहीं. तें कळण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

रुग्णांची शुश्रूषा हेंच आपलें कार्य, असें ठरल्यावर घरांत मोठेंच वादळ उठलें. त्यांत आईबापांचा सर्वस्वी दोष होता असें आम्हांस वाटत नाहीं. त्या काळच्या इंग्लंडांत दवाखान्यांतील नोकरी म्हणजे अशिक्षित व बहुधा व्यसनी स्त्रियांचें काम, अशी समजूत होती, व ती अगदींच निराधार नव्हती. मुलीनें घर सोडलें नाहीं. पण ती पहांटे उठून, मेणबत्तीच्या उजेडांत, दवाखान्यांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचूं लागली व त्यांतील आंकडे उतरून घेऊं लागली. न्याहारीची घंटा झाली म्हणजे ती खालीं येऊन घरकामास लागे. वहीचा आरंभ तो येथें.

१८५१ सालीं जर्मनींतील कैसर्सवर्थ येथें, पाद्री फ्लीडनर ह्यांनीं स्थापिलेल्या सेविकांच्या संस्थेंत, त्यांनीं तीन महिने शिक्षण घेतलें. १८५३ त लंडनांतील एका लहानशा रुग्णालयाच्या त्या व्यवस्थापिका झाल्या. आणि पुढच्याच वर्षीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें.

जखमी शिपायांच्या हालांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं लागल्या तेव्हां युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट ह्यांनीं बाईंना पाठविण्याचें ठरविलें. ३८ परिचारिका बरोबर घेऊन त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं तुर्कस्थानांतील स्कुतारी येथें पोंचल्या. तेथील दवाखाना म्हणजे तुर्की फौजेची एक अवाढव्य बराक होती. खाटा पुरेशा नाहींत, कपडे नाहींत, साबण नाहीं. जमिनीवर माणसें पडलेलीं. बाईंनीं स्वयंपाकघर नीट केलें, धुलाईची व्यवस्था केली, स्वतःच्या हातीं आलेल्या पैशांतून सामान घेतलें. वह्या मात्र त्यांना गोंधळलेल्या आढळल्या. मृतांची नोंद तीन ठिकाणीं होई आणि तिन्ही ठिकाणचे आंकडे वेगवेगळे येत. किती माणसें मेलीं हेंच जेथें कोणास नक्की सांगतां येत नाहीं, तेथें तीं कां मेलीं हें कोण सांगणार?

आतां आम्ही अशा एका गोष्टीकडे वळतों, कीं जी पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीं. बाई आल्यावर मृत्युसंख्या लागलीच कमी झाली, अशी पुष्कळांची समजूत आहे. खरें पाहतां त्या हिंवाळ्यांत ती वाढत गेली. १८५५ च्या फेब्रुवारींत तेथील रुग्णांपैकीं शेंकडा ४२ हून अधिक मरण पावत होते. इतकी स्वच्छता, इतकें अन्न, इतकी जागरणें, आणि तरीही! मार्चमध्यें सरकारनें पाठविलेलें एक आरोग्यमंडळ तेथें पोंचलें. डॉक्टर सदरलंड व रॉलिन्सन नांवाचे एंजिनियर त्यांत होते. त्यांनीं जमीन उकरून पाहिली, तों सबंध इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी! त्या गटारांतील घाण हवा वर खोल्यांत येत होती. पाण्याच्या मार्गांत मेलेला घोडा सांपडला. गटारें धुऊन काढलीं, घाण वाहून नेली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास आलें.

ह्या सर्वाचा अर्थ बाईंना तेव्हां पूर्णपणें कळला नव्हता. शिपाई उपासमारीनें व थंडीनें आधींच अर्धमेले होऊन येतात, म्हणून ते दगावतात, असें त्या धरून चालल्या होत्या. १८५६ च्या ऑगस्टांत त्या इंग्लंडास परतल्या. साऱ्या राष्ट्रानें त्यांचा जयजयकार चालविला होता; त्यांनीं मात्र मिरवणुका व सत्कार टाळले आणि विल्यम फार नांवाच्या आंकडेशास्त्रज्ञांबरोबर त्या वह्या घेऊन बसल्या. युद्धांत मेलेल्या सुमारें २१ हजार ब्रिटिश शिपायांपैकीं १६ हजारांहून अधिक रोगांनीं मेले होते. हिशेब जसजसा पुढें गेला तसतसें दिसूं लागलें कीं, आघाडीवरच्या लहान लहान दवाखान्यांपेक्षां स्कुतारीचा दवाखाना अधिक घातक होता. ज्या दवाखान्यांत त्यांनीं रात्रीचे दिवस केले होते, तोच!

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. सारें जग जिचे पोवाडे गात आहे, अशा बाईनें हा हिशेब कपाटांत बंद करून ठेवला असता तर कोण विचारणार होतें? बाईंनीं तसें केलें नाहीं. राजकीय चौकशीमंडळ नेमावें म्हणून त्यांनीं खटपट केली, व १८५७ त तें नेमलें गेलें. मंत्र्यांना व महाराणीस आंकड्यांचे तक्ते वाचण्याचा कंटाळा येईल, हें ओळखून त्यांनीं रंगीत आकृत्या काढल्या. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्यांचें जणूं एक फूलच. रोगानें आलेले मृत्यु निळे, जखमांचे तांबडे, इतर कारणांचे काळे. निळ्या पाकळ्या इतक्या मोठ्या कीं तांबडा रंग शोधावा लागतो. १८५८ त त्या लंडनच्या आंकडेशास्त्र संस्थेच्या सभासद झाल्या; तो मान मिळालेली ही पहिलीच स्त्री.

ह्या श्रमांत १८५७ त त्यांची प्रकृति अगदीं ढासळली. पुढची कित्येक वर्षें त्यांनीं बव्हंशीं अंथरुणांतूनच काम केलें.

जनतेनें जमविलेल्या निधींतून १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या वर्गांत १५ विद्यार्थिनी होत्या व शिक्षण एका वर्षाचें होतें. मलमपट्टी व अंथरूण घालणें ह्यांबरोबरच रुग्णाचें निरीक्षण करून टिपण लिहिण्यासही त्यांना शिकविलें जाई. डॉक्टर दिवसांतून एकदां येऊन जातो, परिचारिका मात्र अष्टौप्रहर उशाशीं असते. तेव्हां झोंप, भूक, श्वास, वर्ण ह्यांतील बदल तिनें अचूक पाहिले नाहींत तर ते कोण पाहणार, हा त्यामागील विचार. आज नवीं औषधें रुग्णांवर पारखून पाहिलीं जातात तेव्हां रुग्णास सर्व समजावून त्याची संमति घेणें, मात्रा सांभाळणें, प्रत्येक बरावाईट परिणाम नोंदणें हें काम कित्येक रुग्णालयांत खास शिकलेल्या परिचारिका करितात. त्यांना संशोधन-परिचारिका म्हणतात, व त्यांचा अधिकार दिवसेंदिवस वाढत आहे. त्या कामाचें बीज आम्हांस सेंट थॉमसच्या त्या टिपणवह्यांत दिसतें.

ह्या पद्धतीची कसोटी लवकरच खुद्द बाईंवर आली. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत त्यांच्या निधींतून सुइणींच्या शिक्षणासाठीं एक प्रसूतिकक्ष चालविला जात असे. तेथें सूतिकाज्वरानें माता दगावूं लागल्या. हिशेब केला तेव्हां घरीं बाळंत होणाऱ्या स्त्रियांत हजारीं सुमारें ५ मृत्यु, तर त्या कक्षांत हजारीं ३० हून अधिक! १८६७ त तो कक्ष बंद करण्यांत आला, आणि १८७१ त बाईंनीं ह्या विषयावर पुस्तक लिहून आपल्याच संस्थेचे आंकडे सर्वांसमोर मांडले. आम्हांस स्कुतारीच्या दिव्यापेक्षां हें पुस्तक अधिक धैर्याचें वाटतें.

हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. पण आपल्या देशाविषयीं त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें लेखन केलें. येथील ब्रिटिश फौजेच्या आरोग्याच्या चौकशीसाठीं १८५९ त मंडळ नेमलें गेलें तेव्हां छावण्याछावण्यांकडे छापील प्रश्नपत्रें पाठविण्यांत आलीं. तीं बाईंनीं तयार केलीं होतीं. उत्तरें गाड्यांनीं येऊन पडलीं. १८६३ च्या अहवालांत दिसून आलें कीं येथें दर हजार गोऱ्या शिपायांत वर्षास ६९ मरत होते, आणि तेही मुख्यतः घाण पाणी, दाटी व गटारांचा अभाव ह्यांमुळें. पुढील दहा वर्षांत हा आंकडा १८ वर आला. मग त्यांचें लक्ष शिपायांवरून शेतकऱ्यांकडे, दुष्काळाकडे व खेड्यांतील विहिरींकडे वळलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा ग्रामारोग्याविषयीं पत्रव्यवहार होता, व दादाभाई नौरोजींविषयीं त्यांना आदर होता.

त्यांच्या हातून चुका झाल्या नाहींत असें नाहीं. सूक्ष्म जंतूंमुळें रोग पसरतात हें मत त्यांनीं फार दिवस मानलें नाहीं. तसेंच परीक्षा घेऊन परिचारिकांची सरकारी नोंदणी करावी, ह्या चळवळीस त्यांनीं कसून विरोध केला. परीक्षेनें शील पारखतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. शीलाविषयीं तें खरेंच. पण नोंदणीवांचून शिकलेली व न शिकलेली परिचारिका लोकांनीं ओळखावी कशी? त्यांच्या मागून १९१९ त इंग्लंडांत नोंदणीचा कायदा झाला, आणि तो झाला हें आम्हांस इष्टच वाटतें.

वृद्धपणीं त्यांची दृष्टि गेली. १९०७ त बादशहांनीं त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान दिला. तो मिळालेलीही ही पहिलीच स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्या प्रभूकडे गेल्या. वेस्टमिन्स्टरच्या मंदिरांत राष्ट्रीय समारंभानें दफन करावें अशी सूचना झाली होती, ती आप्तांनीं नाकारली. ईस्ट वेलो ह्या खेड्यांतील देवळाच्या आवारांत, आईबापांच्या शेजारीं, त्यांना पुरलें. थडग्याच्या दगडावर त्यांचें पूर्ण नांव नाहीं. नांवाचीं दोन आद्याक्षरें, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख, एवढेंच कोरलेलें आहे.