हाफकिन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

मुंबईतील परळची हाफकिन संस्था बहुतेकांना लसींमुळे माहीत आहे. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांची कारकीर्द मात्र एका चिमट्यामुळे जवळपास संपली होती.

हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा सरकारने त्यांना तिथे बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी काही महिन्यांतच प्लेगची लस बनवली. 10 जानेवारी 1897 रोजी तिची पहिली मात्राही त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलवण्यात आली.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात 107 जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना निलंबित करण्यात आले.

तपासात मात्र एक साधी गोष्ट पुढे आली होती. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यांची बीजे इतकी चिवट असतात की अवजार नुसते पुसल्याने किंवा विसळल्याने ती मरत नाहीत. शिवाय दोष मुंबईतच शिरला असता, तर बाटली उघडेपर्यंतच्या दिवसांत जंतू वाढून लसीला दुर्गंधी आली असती. तशी ती आलेली नव्हती.

रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. त्यांनी कोलकात्यात काम केले. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवले जाते की जमिनीवर पडलेले निर्जंतुक साहित्य निर्जंतुक राहत नाही. ते बाजूला ठेवून दुसरे घ्यायचे असते, कितीही घाई असली तरी. मुल्कोवालमध्ये नेमके तेवढेच राहून गेले होते.